वाट बघायची, पण बसून

जुन्नर-आंबेगावच्या माणसाचं विमान तिकिटावरच्या वेळेला सुटत असेल, पण त्याचा जीव आधी चाकणला टांगलेला असतो. नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर या गावांना वळसा घालणारे रस्ते झाल्यापासून पुणे-नाशिक महामार्गावर गाडी तिथवर बऱ्यापैकी पळते. मग चाकणचे चौक येतात, कारखान्यांची पाळी सुटलेली असते, कंटेनरमागे कंटेनर लागलेला असतो आणि पुढे मोशी आहेच. हा पट्टा कधी पाऊण तासात मागे पडतो, कधी अडीच तास गिळतो. आजचा दिवस कसा निघेल हे सांगता येत नाही, म्हणून शहाणा माणूस अडीच तास धरूनच घर सोडतो. रस्ता मोकळा मिळाला की पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोचून हातात रिकामे तीन-चार तास. मुंबईहून परदेशी जायचं असेल तर माळशेज घाट, पावसाळ्यात तिथल्या दरडी, पुढे कल्याणची गर्दी, आणि वर विमान कंपनीचं ‘तीन तास आधी या’. विमाननगरचा माणूस जेवण उरकून निघतो. जुन्नरचा माणूस विमानतळावर जेवतो. शेजारच्या खेड तालुक्यात विमानतळ करायचा घाटत होता, त्याला विरोध झाला आणि २०१६ मध्ये तो पुरंदरला गेला. तो झाला असता तर हा लेख कदाचित लिहावा लागला नसता.

घोडेगावात एका ओसरीवर आत्या-भाच्यांची विमानतळावरच्या लाउंजवरून जुंपली, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. बरीचशी नोकरी डिंभे धरणाच्या पलीकडच्या गावांत गेलेली. नुकत्याच लेकीकडे अमेरिकेला जाऊन आल्या होत्या, तेही जावयानं साठवलेल्या हवाई मैलांवर, बिझनेस क्लासनं. भाचा बियाणांच्या कंपनीत विक्रीचं काम बघतो. हैदराबाद, दिल्ली, बंगळुरू चालूच असतं. आत्या म्हणणार ‘कशाला हवेत हे चोचले’ आणि भाचा लाउंजची कड घेणार, अशी माझी समजूत होती. झालं उलटंच.

आत्या : तू काही म्हण, मला ते लाउंज आवडलं. गेल्या गेल्या मुलीनं नमस्कार केला, बसायला ऐसपैस खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. आणि संडासाची फरशी कोरडी होती रे. एवढ्या वर्षांच्या नोकरीत घराबाहेर कोरडी फरशी मी पाहिली नव्हती.

भाचा : आत्या, मुंबईच्या टर्मिनल दोनला बाहेरही फरशी कोरडीच असते. २०१४ मध्ये ते टर्मिनल सुरू झालं तेव्हा लोक नुसतं बघायला जायचं म्हणत होते. तू आतल्या संडासाचं कौतुक करतेयस, ते बाहेर सगळ्यांना फुकट आहे.

आत्या : असेल. पण बाहेर मी बॅगा कुणाच्या जिवावर ठेवू? एकटी बाई, दोन बॅगा, पर्समध्ये पासपोर्ट. त्या बॅगा घेऊन संडासात शिरायचं कसं, हे तू एकदा करून दाखव. लाउंजमध्ये मी शेजारच्या बाईला सांगितलं, ‘जरा बघा हं’, आणि गेले.

भाचा : बाहेरही शेजारी बाई असतेच की.

आत्या : बाहेरची बाई पाच मिनिटांत उठून जाते. आतली बसायला आलेली असते.

(हे मला आधी सुचलं नव्हतं. सामान, विश्वास आणि लघवी या तिन्हींचा संबंध पुरुषांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनांत फारसा येत नाही.)

भाचा : तू बिझनेस क्लासवाली होतीस, म्हणून तुला विमान कंपनीचं खास लाउंज मिळालं. मी जातो ते कार्डवाल्यांचं. एका मोठ्या विमानतळावर तर दाराबाहेर वीस-पंचवीस माणसांची रांग. तिथे उभं राहून थांबायचं, कशासाठी? तर बसून थांबायला मिळावं म्हणून. कार्ड यंत्राला लावलं की दोन रुपये कापले जातात, आत शिरलं की एक माणूस तीन खुर्च्यांवर आडवा झोपलेला. लोक ताटात इडली, पनीर, गुलाबजाम एकदम घेऊन हिंडत असतात.

आत्या : घेऊ देत की. तुझ्या पोटात का दुखतंय?

भाचा : दुखतं ते दोन रुपयांमुळे. दोन रुपये दिसायला. त्या ताटाचे खरे पैसे बँक लाउंजवाल्याला भरते, आणि बँक ते कुठून आणते? आता तर बऱ्याच बँकांनी अट घातलीय : मागच्या तीन महिन्यांत कार्डावर अमुक हजार खर्च केले असतील तरच आत सोडणार. म्हणजे फुकटच्या इडलीसाठी आधी हजारो रुपयांची खरेदी करायची. माझ्या ऑफिसातला एक जण तिमाही संपत आली की लाउंज टिकवायला मिक्सर विकत घेतो.

आत्या : मिक्सर घरात कामाला येतो ना?

भाचा : त्याच्याकडे तीन झालेत.

यातला फरक जरा सांगायला हवा, कारण दोघं एकच शब्द दोन वेगळ्या जागांसाठी वापरत होते. विमान कंपनीचं स्वतःचं लाउंज ही जुनी गोष्ट. अमेरिकन एअरलाइन्सनं १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावर ‘ॲडमिरल्स क्लब’ काढला. कंपनी आपल्या विमानांना ‘फ्लॅगशिप’ म्हणायची, म्हणून तिथले मानकरी ॲडमिरल. बरीच वर्षं तिथे निमंत्रितांनाच प्रवेश होता. पुढे भेदभावाचा आक्षेप कायद्याच्या दारात गेला, तेव्हा वर्गणी भरून कुणालाही सभासद होता येईल अशी सोय झाली. आपल्याकडे एअर इंडियाचा महाराजा १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातला, आणि कंपनीच्या लाउंजला त्याचंच नाव लागलं. वाकून, छातीवर हात ठेवून स्वागत करणारा राजा! ग्राहकाला आपण राजाच्याही वरचे आहोत असं वाटायला लावणारी इतकी चतुर जाहिरात या देशात क्वचितच झाली असेल. कार्डवाली लाउंज मात्र बँकांनी विकत घेतलेली भीड आहे. तिथे कंपनीला तुमची ओळख नसते, यंत्राला असते.

भाचा : मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. विमान एक, उशीर एक, कारण एक. पण एक जण सोफ्यावर आणि दुसरा खांबाला टेकून फरशीवर. विमानात वर्ग असतात ते समजतं, तिथे जागेचे पैसे दिलेत. उशिरात कसले वर्ग?

आत्या : तू बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ वाचलंयस का?

भाचा : मसूर स्टेशनचं?

आत्या : तेच. १९०१ साल. साताऱ्याहून छोटे बाबासाहेब आणि बरोबरची पोरं वडिलांना भेटायला निघाली, चांगले कपडे घालून, आगगाडीत बसून. मसूरला उतरली. न्यायला कुणी आलं नाही. बाकीचे उतारू निघून गेले. स्टेशनमास्तर चौकशीला आला, चांगल्या घरची मुलं वाटली त्याला. मग जात कळली आणि त्याचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले पैसे देऊनही न्यायला तयार होईनात. तिकीट त्यांच्याकडे होतं की रे! पैसे भरून काढलेलं तिकीट. आणि मला त्या लाउंजच्या दारात आडनाव कुणी विचारलं नाही. पासावर छापलेलं होतं, त्या मुलीनं वाचलंही असेल. पण दिवा हिरवा झाला तो तिकिटाला. पैशानं भेद होतो हे मला मान्य आहे. पण पैसा मिळवता येतो, निदान जावयाला तरी मिळवता आला.

भाचा : मसूरला त्या पोरांना खुर्ची नको होती आत्या, गाडी हवी होती. आणि गाडी का नव्हती? वडिलांना पाठवलेलं पत्र शिपायाला मिळालं आणि तो द्यायला विसरला. निरोप पोचला असता तर थांबावंच लागलं नसतं. मी तेच म्हणतोय. थांबायची जागा सजवू नका, थांबायचं कारण काढून टाका.

आत्या : निरोप पोचला असता तर गाडी आली असती, बरोबर. पण त्या रात्री वाटेत पोरांना प्यायला पाणी मिळालं नाही, ते निरोपामुळे का?

भाचा गप्प बसला. बसणारच. पण माझ्या मते त्याचा मुद्दा त्यामुळे पडला नाही, नुसता आखडला. आत्या आणि तो दोन निरनिराळ्या अपमानांबद्दल बोलत होते. एक, तू कोण आहेस म्हणून तुला बसू देणार नाही. दुसरा, तुला बसू देऊ, पण तू का बसलायस हे सांगणार नाही. आत्यांच्या पिढीनं पहिला इतका पाहिलाय की दुसरा त्यांना अपमान वाटतच नाही.

भाचा : बरं, पाणी बाजूला ठेव. वाट बघणं जड का जातं, यावर लोकांनी अभ्यास केलाय. डेव्हिड मेस्टर म्हणून एक माणूस होता, १९८५ मध्ये त्यानं रांगेच्या मानसशास्त्रावर लेख लिहिला. आम्हाला एमबीएला होता. हात रिकामे असले की वेळ लांबतो. किती थांबायचं ते माहीत नसलं की लांबतो. का थांबायचं ते माहीत नसलं की आणखी लांबतो. आणि आपल्यामागचा पुढे गेला की सगळ्यात जास्त. लाउंज यातल्या पहिल्याचाच इलाज करतं. ताट देतं, टीव्ही देतं, वायफाय देतं. बाकीच्या तिन्हींना हात लावत नाही. उलट पुष्कळ लाउंजमध्ये विमानाची घोषणासुद्धा ऐकू येत नाही, शांतता हवी म्हणून. गुलाबजाम खाता खाता विमान गेलेली माणसं मी पाहिलीत.

आत्या : आणि मागचा पुढे जातो त्याचं काय?

भाचा : ते तर लाउंज विकतंच. आणि हात रिकामे न ठेवण्याच्या इलाजाची ह्यूस्टनच्या विमानतळावरची गोष्ट सांगतात. बॅगा यायला वेळ लागतो म्हणून उतारूंच्या तक्रारी यायच्या. माणसं वाढवली, वेळ कमी झाला, तरी तक्रारी थांबेनात. मग त्यांनी विमान लांबच्या दाराला लावायला सुरुवात केली आणि बॅगा सगळ्यात दूरच्या पट्ट्यावर टाकल्या. माणसं चालत राहिली, पोचेपर्यंत बॅग आलेली. तक्रारी जवळपास संपल्या. बॅग लवकर आली नव्हती, माणूस उशिरा पोचत होता.

आत्या : म्हणजे चालायला लावलं आणि गप्प केलं.

भाचा : तुला बसवून गप्प केलं.

आत्या : मी गप्प नव्हते, मी घोरत होते. अरे, डिंभ्याच्या फाट्यावर मी किती संध्याकाळी उभी राहिलेय तुला सांगू? आहुप्याची मुक्कामी एसटी. पाऊस असा की छत्रीचा उपयोग नाही. शेड होतं, त्यात शेळ्या. बसायला कट्टा होता, तोही ओला. संडास नाही, म्हणून दुपारपासून पाणी प्यायचं नाही. पायाला गोळे यायचे. गाडी कधी येणार ते बऱ्याचदा कळायचं, कारण किराणा दुकानदार फोन लावून विचारायचा, गाडी घोडेगावहून सुटली का म्हणून. तुझ्या त्या मेस्टरच्या हिशेबानं मला माहिती मिळत होती. किती थांबायचं ते ठाऊक, का थांबायचं ते ठाऊक : टायर बदलतायत. तरी गोळे यायचेच.

भाचा : आणि माझे वडील? नारायणगावच्या बाजार आवारात टोमॅटोचं पिकअप घेऊन थांबतात. त्यांच्याकडे बसायला गाडीची सीट आहे, चहाची टपरी आहे, बोलायला माणसं आहेत. नाही तो भाव. वीस किलोच्या क्रेटला आज काय निघणार, ते पुकारा होईपर्यंत कळत नाही. त्यांना सोफा देऊन बघ. झोप लागेल का?

आत्या : नाही लागणार. पण पाठ तरी शेकेल.

नारायणगावचं नाव निघालं म्हणून सांगतो. तिथे वाट पाहण्याचा एक आख्खा हंगाम असतो. गावोगावच्या जत्रा जवळ आल्या की तमाशाच्या फडांच्या राहुट्या उभ्या राहतात आणि गावकारभारी सुपारी ठरवायला येतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. गिऱ्हाईक आणि फडमालक समोरासमोर बसतात, चहा होतो, तारीख आणि बिदागी यांची घासाघीस चालते. तिथे थांबणारा माणूस कुणाशी तरी बोलत असतो. लाउंजमध्ये माणसं एकमेकांशी बोलत नाहीत असं भाचा म्हणतो. आत्या म्हणतात, त्यांना एकाच बैठकीत अकोल्याची एक आजी भेटली आणि तिच्या सुनेचं सगळं कळलं. मी दोघांवरही विश्वास ठेवतो.

भाचा : आता कायद्याचं ऐक. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल आणि दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर प्रवाशाला खायला-प्यायला द्यायचं. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पैसे परत. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर राहायची सोय. यात कुठेही कार्ड नाही, क्लास नाही. हे तुझं खरं लाउंज. पण किती लोक मागतात? जो मागू शकला असता, भांडू शकला असता, त्याला आधीच वेगळ्या खोलीत नेऊन बसवलंय. सोफ्यावरचा माणूस भांडत नाही. फरशीवरच्या माणसाला नियम माहीत नाही.

हा मात्र मला त्या संध्याकाळचा सर्वांत धारदार मुद्दा वाटला. आवाज असलेल्यांना बाजूला काढलं की उरलेल्या गर्दीला आवाज राहत नाही. सरकारी शाळांचं असंच झालं, हे आत्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांच्या कपाळावरच्या आठीवरून ते कळलं.

आत्या : मग लाउंज बंद करून भांडणारे तयार होणार का? डिसेंबरात टीव्हीवर बघितलंस ना?

भाचा : तेच सांगतोय. २०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. कारण काय? वैमानिकांना जास्त विश्रांती द्यायचा नियम लागू झाला आणि तेवढे वैमानिकच नव्हते. त्या दिवसांत लाउंजमधल्यालाही माहीत नव्हतं, बाहेरच्यालाही नव्हतं.

आत्या : वैमानिकाला झोप मिळावी म्हणून नियम, आणि सगळा देश फरशीवर. पण झोप त्याला हवीच. मी बसणार त्याच्या विमानात.

भाचा : तुझ्या विमानाचं सोड. विमानतळाला तू बसलेलीच हवी असतेस. त्यांचं उत्पन्न एकतर विमानांकडून येतं, नाहीतर दुकानांकडून. नुकतीच आलेली, घाईत असलेली बाई काही विकत घेत नाही. तीन तास बसलेली बाई चहा घेते, नातवाला चॉकलेट घेते. तू वाट बघतेस तेव्हा कुणाचं तरी दुकान चालतं.

आत्या : कोलकात्याला दहा रुपयांत चहा द्यायला लागलेत म्हणे विमानतळावर.

भाचा : उडान यात्री कॅफे. डिसेंबर २०२४ मध्ये तिथे पहिला निघाला, मग दुसरीकडेही निघाले. चहा दहा, पाणी दहा, समोसा वीस. तिथे जाऊन बस. ते खरं.

आत्या : तिथे बसायला जागा आहे का?

भाचा : (जरा थांबून) उभ्यानं पितात बहुतेक.

आत्या : बघ.

एव्हाना चहा झाला होता आणि बोलणं भलतीकडे, म्हणजे नाणेघाटाकडे वळलं. भाच्यानंच वळवलं. जुन्नरच्या माणसाला वाद जिंकायचा असला की तो शेवटी सातवाहनांना बोलावतो.

भाचा : नाणेघाट घे. दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातून माल घेऊन तांडे चढायचे. वर आल्यावर दगडी रांजण : त्यात जकात टाकायची, अशी आपली समजूत. शेजारी कोरलेली लेणी, तीन भिंतींना कोरलेले दगडी ओटे, बाजूला पाण्याच्या पोढ्या. जकात दिली की बसा, पाणी प्या, जुन्नरकडे चला. त्यात बिझनेस क्लास नव्हता.

आत्या : तुला कुणी सांगितलं, नव्हता? त्या लेण्यात मी पोरांची सहल नेलीय. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, आता नुसती पावलं उरलीत. नावं कोरलीत : सिमुक, सातकर्णी, नागनिका. भिंतीवरचा लेख एवढा लांबलचक. त्यात काय आहे? यज्ञ किती केले आणि दक्षिणेत गाई, हत्ती, कार्षापण नावाची नाणी किती दिली. थकलेल्या हमालानं इथे बसावं, असं एक अक्षर नाही. एअर इंडियाच्या महाराजाचं लाउंज आहे ते, पुतळ्यासकट.

भाचा : पण ओटे आहेत ना!

आत्या : ओटे आहेत. त्यावर कोण बसलं ते लिहिलेलं नाही. बैलांबरोबर चढलेला माणूस आत बसला असेल, का बाहेर बैलांपाशी?

भाचा : बरं, मग आपल्या जुन्नरच्या लेण्यांतले यवन घे. परदेशातून आलेली माणसं. इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्यानं भोजनमंडप दिला, असं कोरलेलं आहे. परक्या मुलखात आला आणि जेवायला बसायची जागा बांधून दिली. कार्ड मागितलं नाही.

आत्या : संघाला दिला. भिक्खूंना. लेखात तसंच आहे. सगळ्या गावाला नाही दिला.

भाचा : आत्या, तुला कुणीच चांगलं दिसत नाही का?

आत्या : दिसतात की. तो चिट चांगलाच होता. भुकेल्याला बसून जेवता यावं हे त्याला कळलं. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, हा प्रश्न मंडप बांधल्यावर येतो रे. तू मंडपच नको म्हणतोयस.

इथे मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, ‘अहो, पण त्याचं म्हणणं, विमानतळावर ज्यांना आधीच खुर्ची आहे त्यांनाच आणखी मऊ खुर्ची मिळते. मंडप हवा तिथे नाही.’

आत्या : मग हवा तिथे बांधा. मी कुठे म्हणतेय लोहगावलाच बांधा म्हणून? नारायणगावच्या एसटी स्टँडवर एक खोली करा. आतून कडी लागणारा संडास, पाणी, पंखा, आठ-दहा खुर्च्या. आणि गाडी कुठवर आली ते सांगायला एक बाई. मी वीस रुपये देईन. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यातले वाचतायत ते देईन.

भाचा : म्हणजे तू स्टँडवर लाउंज काढणार! पैसे देईल त्यालाच बसायला मिळणार. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’वाल्या बायका भांडतायत ते याच्यावरूनच ना, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे? आणि तू आपणहून वीस रुपये काढून देतेस.

आत्या : त्या भांडतायत ते बरोबरच आहे. संडास फुकटच पाहिजे. वीस रुपये खुर्चीचे आणि त्या बाईच्या पगाराचे.

भाचा : जिच्याकडे वीस नाहीत, ती?

आत्या : तुझ्या त्या कार्डावर एक पाहुणा फुकट नेता येतो ना?

भाचा : काही काही कार्डांवर.

आत्या : मग माझ्या वीस रुपयांवर एक पाहुणी. ओळखीची असलीच पाहिजे असं नाही.

भाचा : आणि खुर्च्या भरल्या की? दाराबाहेर रांग लागणारच.

आत्या : तोवर माझी गाडी आली असेल, मी उठेन.

भाचा : नसली आली तर?

आत्या : तर त्या बाईला विचारीन, का नाही आली म्हणून. तिला कशाला ठेवलीय?